वायचळ अल्टर, नारायण पेठ

शिलाई मशीनच्या बाजूला सुनेनं चिकटवलाय
काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा कागद,
खाली तिच्या अक्षरात: काम आवडल्यास लिहा.
वायचळ त्याच्याकडे बघत नाहीत.
कधी त्याच्यावरच सुया टोचून ठेवतात,
त्यामुळे माझ्या फोनला तो तिसऱ्या खेपेला वाचता आला.

नकाशावर दुकान भलतीकडेच आहे,
टिपका पडतो चार घरं पुढे, झेरॉक्सवाल्याच्या दारात.
म्हणून आधी तेच लिहावं म्हटलं:
पत्र्या मारुतीच्या अलीकडे, जिन्याखाली.
वाकून आत जायचं.
उंच माणसांनी कपाळ सांभाळावं.

मग फोन विचारू लागला.
पार्किंग आहे का?
आज सम तारीख आहे. पाटी बघा, मग ठरवा.
दर कसे वाटले?
कंबर कमी करणे नव्वद. चेन बदलणे शंभर.
वातावरण?
वातावरण म्हणजे एक टेबलफॅन,
पुढ्यातलं कापड उडू नये म्हणून
भिंतीकडे तोंड करून फिरणारा.

तारे पाच. ते लगेच दिले.
त्यांच्याखाली एक रिकामी चौकट उरली,
आणि 'तुमचा अनुभव सांगा'.

अनुभव असा, की
त्या वर्षी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा
माझ्या सहाच्या सहा पँट दुसऱ्याच कुणाच्या तरी झाल्या होत्या.
अडतीसची कंबर चौतीस.
जिन्यात, दुधाच्या केंद्रावर, बँकेत
लोक आधी पट्ट्याकडे बघायचे, मग तोंडाकडे,
आणि म्हणायचे, बरेच उतरलात हो.
वायचळांनी टेप गुंडाळला.
एरवी आकडा मोठ्यानं ओरडतात, सून वहीत टिपते.
माझा आकडा त्यांनी स्वतःच लिहिला,
वही मिटली,
विचारलं एवढंच: गुरुवारी चालेल?

गुरुवारी पिशवी हातात देताना म्हणाले,
"कापलं नाही काही. माया आत ठेवलीय सगळी.
लागेल परत."

हे त्या चौकटीत कसं बसवायचं?
लिहिलं, खोडलं.
'अत्यंत समाधानकारक सेवा' असं लिहिलं,
लाज वाटली, खोडलं.
वर कुणा शार्दूलचा अभिप्राय होता:
'काम ठीक. माणूस काहीच बोलत नाही. दोन तारे.'
शार्दूल, बाळा, तुझे दोन तारे बरोबरच आहेत.
तुझी कंबर अजून जागेवर आहे.

शेवटी दोनच शब्द टाकले: माया ठेवतात.
फोननं लगोलग त्याचं इंग्रजी करून दाखवलं.
इंग्रजीत वायचळ लोकांना भ्रमात ठेवत होते.
राहू दिलं तसंच.

होळीनंतर, जेवून उठताना,
राखाडी पँटचा हूक कुरकुरायला लागला.
घेऊन गेलो. वाकलो, तरी कपाळ लागलंच.
वायचळांनी ब्लेडनं एकेक टाका उसवला.
आतून निघाली बोटभर रुंदीची पट्टी,
ऊन न लागलेली, साबण न बघितलेली,
पँट घेतली त्या दिवसाच्या रंगाची.
शेजारी बाकीचं कापड अगदीच विटकं दिसलं.
"थोडे दिवस दिसेल फरक," ते म्हणाले,
"मग मिळून येईल."

आणि दाताखाली दोरा धरून,
कधी नव्हे ते आपणहून:
"सून सांगत होती, फोनवर कुणीतरी
आपल्या मायेबद्दल लिहिलंय.
शिंपीच असणार कुणीतरी.
गिऱ्हाइकाला कुठलं कळतंय."

म्हटलं, असेल.