नऊ मिनिटं

मी मोटारी गुंडाळायचे.
पंख्याच्या, पंपाच्या, एकदा शवागाराच्या फ्रिजचीही.
जळक्या वार्निशचा वास केसांतून जात नसे,
बाजारात लोकांना माझ्याआधी तो पोचायचा.
सोरोटीत तारेवर हात बसलेली बाई मी एकटीच,
म्हणून एलुंगाट थेट माझ्या टपरीवर आला.
म्हणाला, तार गुंडाळायची आहे, पण फिरणार काही नाही.
मी म्हटलं, न फिरणाऱ्या मोटारीचे पैसे आगाऊ.

इस्पितळात एक यंत्र आहे, परदेशातून दान आलेलं.
आलं तेव्हा बँड होता, फीत होती.
आठव्या महिन्यात बंद पडलं.
सुटा भाग मागवला, तर उत्तर आलं,
हे मॉडेल आता आम्ही बनवत नाही.
तेव्हापासून त्याच्या बोगद्यात झाडू, बादल्या
आणि एका कोंबडीचं बाळंतपण.

आमचं म्हणजे दोन हजार सहाशे चुंबकं,
साखरेच्या चौकोनी वडीएवढी,
एकेक तपासून, एकेक चिकटवून
वर्तुळात बसवलेली, ज्याचं त्याचं तोंड ठरल्या दिशेला.
हातातून निसटली की एकमेकांवर झडप घालतात,
मधे बोट असेल तर बोटासकट.
माझ्या डाव्या करंगळीचं नख अजून सरळ येत नाही.
चिमटे पितळेचे, गावातच ओतलेले.
घड्याळं, केसांच्या पिना, किल्ल्या दाराबाहेर.
पोकळी डोकं मावेल एवढीच.

पहिलं चित्र अर्ध्या पपईचं.
मध्यरात्री पडद्यावर राखाडी धुकं,
धुक्यात बियांची ओळ.
एलुंगाट नाचला. मी आईला झोपेतून उठवून आणलं.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
पपई कापली की बिया दिसतात.
दोन वर्षं लागली तुम्हांला?

डोकं कापून बघत नाहीत, आई.

मग माणसाची पाळी आली, आणि चित्रभर रेघा.
आत झोपलेल्याचं अंगच एरियल होतं,
आसपासची प्रत्येक ठिणगी वेचून घेतं.
तांब्याची जाळी लावली. रेघा तिथेच.
मग जुना रेडिओ कानाशी धरून
खरखरीचा माग काढत निघाले,
कुंपण ओलांडून, शिलाईवाल्यांच्या मशीनींमधून,
थेट एमुरोनच्या पिठाच्या गिरणीत.
मोटार माझ्याच हातची.
पाच वर्षांपूर्वी मारलेली गाठसुद्धा ओळखू आली.

एमुरोन म्हणाला, गिरणी हलवू?
की तू हलवतेस तुझं डबडं?
त्याच्या भुवयांवर पीठ होतं, त्यामुळे राग म्हातारा दिसत होता.
रांगेत नाचणीची टोपली घेऊन एक बाई,
पाठीवर सहा महिन्यांची आकिरोर.
कुठलंच टोपडं बसणार नाही असं डोकं,
डोळे खाली ओढलेले, मावळत्या चंद्रासारखे.
एमुरोनने ते डोकं बघितलं.
रांगेतल्या बायकांनी एमुरोनला बघितलं.

किती वेळ?
नऊ मिनिटं.
त्याने खटका पाडला.

आकिरोर आत, आईची मूठ तिच्या पावलाभोवती.
सातव्या मिनिटाला ती शिंकली,
एलुंगाटने कपाळावर हात मारला आणि पहिल्यापासून सुरू केलं.
एमुरोनला निरोप गेला, अजून नऊ.
त्याने काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.
पण खटका वर गेला नाही.

रेघा नव्हत्या.
मेंदू कडेकडेने, भाकरीच्या पापुद्र्याएवढा,
आणि मधे तळं.
म्बालेच्या डॉक्टरने चित्र बघून एवढंच विचारलं,
उद्या निघता येईल का?

आता खिडकीला लाल फडकं बांधतो.
ते दिसलं की गिरणी थांबते,
वेल्डिंगवाला काच वर करून बसतो,
नाचणी जात्याच्या तोंडाशी अर्धी आत, अर्धी बाहेर.
आणि सगळेच हळू आवाजात बोलायला लागतात.

मी सांगून थकले,
यंत्राला तुमच्या बोलण्याचा त्रास नाही,
हवं तर भांडा, हसा, गुरं हाका.
हो, हो, म्हणतात,
आणि कुजबुजतच म्हणतात.