नमुना संख्या

शुक्रवारी रात्री नऊला वर्ग भरतो.
लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर,
रेंज फक्त ओट्यापाशी येते.
पडद्यावर सोळा चौकोन, त्यातले अकरा काळे.
"तांबोळी मॅडम, तुमच्याकडे पाऊस आहे का?"
नाही सर, शेजारी यंत्रमाग आहेत,
विट्यात रात्रपाळी असते.
मग मी आवाज बंद केला
आणि बंद केलाय हे विसरून
सात मिनिटं बोलत राहिले एका मुलाबद्दल.

त्याचं नाव लिहायचं नाही, असा नियम आहे.
प्रबंधात तो 'विद्यार्थी १४'.
इथंही खरं सांगणार नाही. म्हणूया, विश्वतेज.
इयत्ता पाचवी. वडील सेलमला गलाईच्या दुकानात,
आई तिकडंच. हा जूनमध्ये चुलत्याकडं आला,
दोन बॅगा, हातात स्टीलचं कडं.
वर्गात तोंड उघडत नाही.
वर्गशिक्षक म्हणाले, बघा जरा याचं,
डोक्यात काही शिरतच नाही.

मी बघितलं. म्हणजे चाचणी घेतली.
ठोकळे मांडले, स्टॉपवॉच दाबलं,
पुस्तिकेतल्या सूचना वाचल्या शब्दन् शब्द,
हसूसुद्धा ठरलेल्या जागीच हसले.
गुणांक आला अडुसष्ट.
तो निळ्या पेनानं फाइलीत लिहिला
आणि त्या रात्री मला छान झोप लागली.
हे कुठंतरी नोंदवून ठेवायला हवं.

दोन आठवड्यांनी, खिचडीच्या ताटल्या रचताना
त्याचे ओठ हलत होते.
ओण्णु, रेंडु, मूणु, नालु
शिपाई सर्जेराव जागीच थांबले.
अठरा वर्षं मदुराईत भट्टीपुढं काढलेला माणूस.
"मॅडम, पोरगं तमिळमधी मोजतंय.
आन् बरोबर मोजतंय."
एकशे बारा ताटल्या.
इथल्या कुठल्याही बोळात हाक मारा,
तमिळ, बंगाली, मल्याळम कळणारं कुणीतरी निघतंच.
सहा वर्षं मी या शाळेत समुपदेशक.
मला सुचलं नव्हतं.

पुन्हा ठोकळे. या वेळी सूचना सर्जेरावांच्या तोंडून,
मध्येच एक शाबासकी, जी पुस्तिकेत नाही.
सत्त्याण्णव.

मार्गदर्शक म्हणाले, ही नोंद बाद.
दुभाषा अप्रशिक्षित, चाचणी लागोपाठ,
प्रमाणीकरण मोडलं.
सरांचं बरोबर आहे. मीही परीक्षक असते
तर हेच म्हणाले असते.
ते बरोबर असल्यामुळंच घशाखाली उतरेना.
तक्त्यातून चौदावी ओळ काढली.
एकेचाळीसचे चाळीस झाले,
आकडा उलट गोलच दिसायला लागला.

त्याच्या वडिलांना फोन केला.
मागं फुंकणीचा घुर्र आवाज.
"कसाचा दगड एकच असतोय मॅडम," ते म्हणाले,
"पण तेजाब बदलावं लागतंय.
अठराचं तेजाब बावीसला लावून कसं चालंल?"
मग पोराच्या जेवणाचं विचारलं, आणि फोन कट.
हे वाक्य संदर्भसूचीत कसं द्यायचं
याचा नमुना मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

तिसरा हप्ता भरायचाय एकतीसपर्यंत.
धाकटी विचारते, डॉक्टर झालीस की इंजेक्शन देणार का.
मी शेहेचाळीस वर्षांची. पाठ्यपुस्तकावर
डाळीचा पिवळा डाग, बरोबर 'वैधता' या प्रकरणावर.

सोमवारी तो आपणहून खोलीत आला.
ठोकळ्यांकडं बघितलंसुद्धा नाही.
टेबलावरचं स्टॉपवॉच उचललं,
माझ्यासमोरच्या, त्याच्यासाठी ठेवलेल्या
बुटक्या खुर्चीकडं बोट दाखवलं.
बसले. गुडघे छातीला लागले.
त्यानं बटण दाबलं.

ओण्णु, रेंडु, मूणु, नालु, अंजु, आरु...
सातावर माझी जीभ अडते. एळु.
तो मान हलवतो.
तसा ळ नाही.
घड्याळ शून्यावर आणतो, आणि मला ऐकू आलेला
त्याचा पहिला मराठी शब्द:
"परत."