अक्षराविना विसर्ग

डिसेंबरात उमेओला दुपारी दोनलाच अंधारतं.
इल्वाच्या पडद्यावर लाल ओळी, एकीखाली एक:
साठ सेकंद, संपर्क तुटला.
साठ सेकंद, संपर्क तुटला.

तक्रार एकाचीच, पण चिवट.
सिक्स्टन, वय एक्क्याऐंशी, सॉर्सेलेच्या पलीकडे जंगलात राहतो.
आरोग्यकेंद्राच्या चॅटबॉटला त्यानं नव्या गोळीबद्दल विचारलं.
उत्तर आलं, "ही गोळी दुधाबरोबर"
आणि पुढे काहीच नाही.
तीनदा विचारलं, तीनदा दुधापर्यंतच आलं.
"शेवटी मी कॉफी प्यालो," असं त्यानं कळवलंय.

बॉट वाक्य अर्धं टाकून औषधांची यादी चाळायला जातो,
तेवढ्यात दाराशी बसलेला प्रॉक्सी
नाडी न बघताच ठरवतो, गेला.

आम्ही मर्यादा वाढवली. साठाचे तीनशे केले.
ऑफिसात चाललं, जंगलात नाही;
तिकडच्या टॉवरला त्याची स्वतःची घाई.
मग बफर सापडला, बादली भरेपर्यंत शब्द अडवून धरणारा.
तो काढला. शब्द सुटे झाले,
मधला शुकशुकाट होता तसाच.

इल्वानं सरळ सिक्स्टनला फोन लावला.
ती बराच वेळ समजावत होती. पलीकडून फक्त
श्शुप्.
थोड्या वेळानं पुन्हा, श्शुप्.
इथे 'हो' म्हणायला श्वास आत ओढतात.
पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचं,
ही माणसं सारखी दचकतात कशाला?

फोन ठेवून तिनं चार ओळी लिहिल्या:
दर पंधरा सेकंदांनी एक चिन्ह पाठव,
एकावर एक दोन टिंबं, पुढे कोरं.
वाचणाऱ्याला ते दिसत नाही, ब्राउझर टाकून देतो.
वाटेतल्यांना मात्र कळतं, कुणीतरी आहे.

मला ती टिंबं ओळखीची वाटली.
आमच्या बाराखडीत ती शेवटी उभी असतात,
पण कुणाच्या तरी पाठीशी. अशी एकटी
मी कधी पाहिली नव्हती.
"हा श्वास आहे," मी म्हणालो. "बाहेर सोडलेला."
"आत घेतलेला," इल्वा म्हणाली.

चार वाजून दहा मिनिटं. सिक्स्टननं चौथ्यांदा विचारलं.
ः
ः
ः
ः
ः
आणि मग उरलेलं वाक्य, पूर्णविरामासकट.

आता तो गप्प.
एक मिनिट झालं. दोन झाली.
आम्ही कॉफी ओतली आणि
लाइन तशीच राहू दिली.