मोजे घातलेल्या बाटल्या

गेर्लिंडेनं बाटल्यांना लोकरी मोजे चढवलेत,
गळे तेवढे उघडे.
पाच बाटल्या, पाच मोजे. तिसऱ्या जोडीतला एक
नदीनं नेला, ती म्हणते आणि हसते.
आम्हीही हसतो. हसल्याशिवाय आर नदीचं नाव
या खोऱ्यात आता कुणी काढत नाही.

स्वयंपाकघराचा गिलावा नवा, डोक्याच्या वर हातभर.
त्याच्यावर जुना पिवळा रंग सुरू होतो,
रेघ इतकी सरळ की कुणी दोरी धरून मारावी.

टेबलावर पाव, पाणी, थुंकायला बादली.
ओट्टमार, जन्मभर पिंपं बांधलेला,
बोजेना, बावीस हंगाम पोलंडहून तोडणीला येणारी,
आणि मी, शाळेतली मास्तरीण. गुण मी लिहायचे,
पाटीवर, खडूनं.
पाटी याच डोंगरातली. इथल्या वेलीही
पाटीच्याच दगडावर उभ्या असतात;
दगड दिवसभर तापतो आणि रात्री
मुळांपाशी हळूहळू निवत बसतो.

पहिला.
रंग इतका विरळ की पेल्याआडचं बोट दिसतं.
ओट्टमार नाक बुडवतो, डोळे मिटतो, वेळ खातो.
ओली पानं. अळंबी. विझवलेली मेणबत्ती.
बर्गंडी, तो म्हणतो, पैज लावा.
हा बोलत नाही, बोजेना म्हणते,
आपण चुकीचं बोलायची वाट बघतो.
माझी सासू अशीच होती.
थू. बादलीत. सोळा.

दुसरा दारातूनच हात पुढे करतो:
चेरी, चेरी, थोडी व्हॅनिला, पुन्हा चेरी.
ओरेगॉन असेल. भला माणूस आहे,
पण निघायचं कधी ते त्याला कळत नाही.
पंधरा.

तिसऱ्यात ऊन जरा जास्तच जवळ आलेलं.
रानातला थाइम, गडद साल, कडेला धार.
जगाच्या पार खालच्या टोकाचा, ओट्टमार म्हणतो,
तिथे द्राक्षं एप्रिलात तोडतात.
बोजेना मनाशी हिशेब करते:
म्हणजे वर्षातून दोनदा पाठ मोडून घेता येईल.

चौथ्यावर भांडण.
ओट्टमार म्हणतो, हा आपलाच, शेजारच्या उताराचा.
बोजेना मान हलवते. आपला असता
तर पहिल्या घोटालाच माझा गुडघा दुखला असता.
दोघं गेर्लिंडेकडे बघतात.
एरवी तिच्या जिभेवर तीळ भिजत नाही,
आज ती पावाचे तुकडे करत राहते,
पुरेसे झाले तरी.

मग पाचवा.
आधी काहीच नाही. पेला हातात गरम होऊ दिला.
मग मला वास आला, मला आधी, नाकानं मी कुणी नसताना:
ओल्या फडक्यानं नुकत्याच पुसलेल्या पाटीचा.
त्यामागे आंबट चेरी, देठासकट,
आणि तुरट काहीतरी, दाढांच्या मागे जाऊन बसलेलं.

कुणी देशाचं नाव घेतलं नाही.

साल माहीत नाही, गेर्लिंडे म्हणाली.
लेबलं गेली. फळीवरच्या चिठ्ठ्या गेल्या.
ज्याला पाठ होतं
आणि इथे तिनं मोजा ओढून काढला.
बाटली स्वच्छ होती. दात घासायच्या ब्रशनं
आम्ही सगळ्यांनीच धुतल्या होत्या त्या,
अंगणात, रांगेत बसून, पोरंसुद्धा.
फक्त बुडाच्या खळग्यात, जिथे ब्रश पोचत नाही,
चिखल वाळून राखाडी झालेला.

बोजेना थुंकली. मला गाडी चालवायचीय, म्हणाली,
आणि बादलीकडे उगाच बराच वेळ बघत राहिली.
ओट्टमारनं गिळला.
गेर्लिंडेनं विचारलं, किती?

मी खडू धरून. म्हटलं आता हा वीस म्हणणार,
वीसपैकी वीस, आणि आम्हाला सगळ्यांना
कुठे बघावं ते कळणार नाही.

शेवटाला आंबट आहे जरा, ओट्टमार म्हणाला.
चौदा.

गेर्लिंडेनं पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकवली.
चौदा लिही, ती मला म्हणाली.
तो तेरा म्हणाला असता.