उतरलो

रातच्या दोन वाजता फोननं आपल्या मनानंच कात टाकली.
सकाळी पाहिलं तं आयकॉन गोल झालेले,
घड्याळाचे आकडे जाडे,
अन् वर एक ओळ: तुमचा फोन आता अधिक सुरक्षित आहे.
मी म्हनलो, बरं झालं बावा.
डबा घेतला, पक्कड, झुला, रबरी हातमोजे,
शंभर टक्क्यानं घराबाहेर पडलो.

फाट्यावर ब्याऐंशी.
तुरीतल्या डीपीवर फ्यूज बांधला, एकसष्ट.
साडेअकराले एकतीस,
अन् मी तं एक फोनही केला नोता.
खिशातून मांडीले चटका,
जसा कोनी चुलीतला बटाटा कोंबला.

कुंदा म्हने, त्या रीलच्या पायी.
मी रील पायतच नाई.
(थोड्या पायतो. जेवतानी.)
पोट्टा म्हने, बाबा, उजेड कमी करा.
केला. आता उन्हात पडदा असा दिसे
जसं खोल विहिरीचं बूड.
लोकेशन बंद, ब्लूटूथ बंद,
फोनच बंद करून पुन्हा चालू केला,
हे तं आमच्या खात्याचंही पयलं औषध हाय.
गुल्हाने मास्तर म्हने, कंपन्या मुद्दाम करतात.
खरंही असन त्याईचं. पन चार्जिंग काई वाढली नाई.

गुरुवारी नाल्यापल्याड जंपर तुटला.
सबस्टेशनवर घाटोळले फोन लावला,
अकराची लाईन बंद कर, मी चढतो.
केली, म्हने. परमिटचा नंबर लिहून घेतला.
बारा टक्के.
रॉड टाकला, चढलो.
खांबावर गेलं की रेंजच्या दांड्या भरतात,
आमच्या धंद्यातलं हे सुख कोनाले सांगू नये.
खाली बाया कापूस येचत होत्या,
एकीच्या ओटीत कापूस, कापसात रेडिओ.
जंपर कसला. बोट सोललं.
उतरलो, खिशात हात घातला.
पडदा काळा.

येचनाऱ्या बाईनं आपला फोन पुढं केला.
पन नंबर पाठ कोनाले असते राजेहो?
घाटोळ तं माह्या फोनातच राहते.
अन् लाईन चालू करायले एक शब्द लागते,
तो माह्याच तोंडचा.

नऊ किलोमीटर गाडी हानली.
रस्त्यानं गिरन्या मुक्या,
झेरॉक्सवाला दुकानाबाहेर बसून बोटं मोजे,
बारा गावं अंधारात नाई, दुपार होती,
पन पंख्याखालचा मानूस अंधारापेक्षा जास्त शिव्या देते.

घाटोळ खुर्चीवर नोता.
ब्रेकरपाशी उभा,
हँडलले लाल पाटी,
पाटीवरून आपला दुपट्टा गुंडाळलेला.
टेबलावर त्याचा फोन थरथरत काठाले आलेला.
सरपंच झाला, म्हने, गिरनीवाले झाले,
साहेब दोनदा.
साहेब म्हने, टाक चालू करून, उतरला असन.
मी म्हनलो, असन म्हंजे काय?

मी दारातूनच म्हनलो, उतरलो.
त्यानं मले बुटापर्यंत पाहिलं.
मंग दुपट्टा सोडला.

शनिवारी दारव्ह्याले अफरोजच्या टपरीवर
नव्या बॅटरीचे पैसे घेऊनच गेलो.
त्यानं पेचकसले हातही लावला नाई.
बॅटरी ठनठनीत हाय, काका. ही यादी पाहा.
पडदा सात, कॉल तीन,
मोबाइल नेटवर्क चोपन्न.
अपडेटनं सेटिंग फाइव्ह-जीवर नेली.
तुमच्या शिवारात ते हाय कुठं?
मंग हा दिवसभर हाका मारत फिरते,
हाय का कोनी, हाय का कोनी,
अन् हाकेले करंट लागते.
दोन जागी बोट टेकवलं. फोर-जी.
पैसे? चहा पाजा.

संध्याकाळी सहाले अठ्ठेचाळीस.
पोट्टा म्हने, फोन हळू झाला.
होऊ दे.
घाटोळचा नंबर हेल्मेटच्या आतून
मार्करनं लिहून ठेवला हाय.
घामानं शेवटचे दोन आकडे फिसकटतात.
सोमवारी सोमवारी गिरवतो.