अर्धा पेला

पहाटे तोआकाई माडावर असतो.
वरून मोठ्यानं गातो,
खालच्या बायकांना कळावं म्हणून,
की वर पुरुषमाणूस आहे, उघड्यावर न्हाऊ नका.
पोय छाटतो, करवंटी बांधतो,
थेंबाथेंबानं माडी उतरते.
गाणं थांबलं की मी चूल पेटवते.
या बेटावर एवढंच घड्याळ.

मी इथली नव्हे. ओनोटोआहून आले,
दोन चटया आणि केवड्याची एक फांदी घेऊन.
आई म्हणाली होती, आधी ही लाव, मग माणसं लागतील.
केवडा लागला. त्याला काय,
तो निव्वळ वाळूतही उभा राहतो मुळांच्या काठ्या टेकत,
पाणी आलं की परकर उचलून धरलेल्या बाईसारखा.

घरामागचा नीरफणस निराळा.
नवरा जन्मला त्या आठवड्यात सासऱ्यांनी लावलेला,
खाली त्याची नाळ पुरून.
त्याला गोडं पाणी लागतं.
आणि फेब्रुवारीच्या उधाणात
समुद्र येऊन विहिरीत बसला, चार दिवस,
जाताना मीठ विसरून गेला.

तेव्हापासून शेंड्याची पानं करपतात.
अळवाच्या खाचरात देठ पिवळे,
विहीर मचूळ, धुतलेले कपडे वाळले की ताठ उभे राहतात.
प्यायला छपरावरचं पाणी. माणशी तीन पेले.

सासूबाई, नेई ब्वेरे, फारशा बोलत नाहीत.
तिसऱ्या पेल्यातलं अर्धं पितात,
उरलेलं घेऊन मागे जातात.
मी बघते हे त्यांना माहीत आहे.

तारावाहून एक मुलगा आला होता,
जमिनीत नळी घालून वहीत आकडे लिहायला.
म्हणाला, आजी, अर्ध्या पेल्यानं काय होणार?
त्या म्हणाल्या, काही नाही.
आणि त्याला भाजलेला नीरफणस वाढला.
त्यानं दोनदा मागून घेतला.

यंदा झाड असं लगडलं
की फांद्यांना टेकू द्यावे लागले.
शेजारीण म्हणाली, बघ, पाणी लागू पडलं!
तोआकाई गप्प.
जायला निघालेलं झाड असंच देतं
हे रोज झाडावर चढणाऱ्याला सांगावं लागत नाही.
संध्याकाळी त्यानं बुंध्याला वीत लावली,
एक, दोन, तीन, होडीचा अंदाज घेत,
आणि हात मागे घेतला, चोरी सापडल्यासारखा.

सासूबाईंनी पाहिलं होतं.
जेवताना म्हणाल्या, होडी कर.
फळं उतरू देत आधी.
मग बराच वेळ माशाचे काटे काढत बसल्या,
काटे नसलेल्या माशाचे.

आज त्यांना ताप आहे.
गाणं थांबलं तरी चूल पेटवली नाही मी,
माझा पेला घेऊन मागे गेले.
मुळाशी सगळा ओतून झाल्यावर
आठवलं,
अर्धा प्यायचा असतो.