मगरीची दाढ

मध्यरात्रिला दाढ ठणकली
विश्वामित्रीच्या मगरीची.
(शेव-उसळ पुलाखालीच मिळे,
सवय नडली तिखट तर्रीची.)

गाल धराया हात तोकडे,
रडली, तर जग म्हणते, "खोटे!"
कासव म्हणे, "दांडियाबजारी
दंतवैद्य, पण थोडे छोटे."

कमाटीबागी सिंह विचारी,
"केम छो बेन? क्यां चाल्यां आज?"
"दाढ!" म्हणाली. सिंहही कण्हला,
"माझे संपले, उरला माज."

मांडवीत मग आडवी गाय:
"वळून जा की, दिसेना काय?"
अडुसष्ट दात, शेपटी वेगळी,
वळली मुकाट ओढत पाय.

डॉक्टर चिचुंद्रे टॉर्च घेऊन
शिरले आत; आतुनी हाक:
"मिटू नका हं! घरी पिल्ले आहेत,
शिंक आली तर दाबा नाक."

निघाला काय? तर एक दांडिया!
नवरात्रीचा, घुंगरू त्याला.
"जोडीचा कुठे?" डॉक्टर विचारी.
मगर लाजून बघे आभाळा.

मग ठणका थांबला. हायसे वाटले.
"फी किती?" विचारून तिने
सवयीने तोंड मिटले.

आतून बारीक आवाज आला:
"फीचं राहू द्या, बाई.
आधी उघडा."